तेलाचा बोळा

"पुन्हा हात थांबला?" योरिस मास्तरांनी मागून विचारलं, तसा वाउटर दचकला. कुंचला हातातून पडता पडता राहिला.

समोर दोन कॅनव्हास होते. एकावर मास्तरांचं चित्र: टेबलावर एकच मेणबत्ती, तिच्या उजेडात कोसळलेला तरुण, त्याच्यावर वाकलेला एक पाठमोरा माणूस. बाकी सगळा काळोख. दुसऱ्यावर वाउटरची नक्कल. ती पसंत पडली तर मास्तर शिफारसपत्र देणार होते. पत्र मिळालं की कुठल्याही गावच्या चित्रकार संघात प्रवेश आणि उट्रेख्तला कायमचा रामराम. नाही पडली, तर दोन वर्षं पाण्यात.

"उजेड कुणीही रंगवतं, बाबा," मास्तर म्हणाले. "काळोखात जे आहे ते सगळं यायला हवं मला. आणि माझ्या चित्राला बोट लावायचं नाही."

दुपारी घर सांभाळणाऱ्या ट्राइनमावशीने पाव आणि खारवलेली मासळी पुढ्यात आदळली. "चित्रातलं हे खरं घडलंय हो. सात वर्षं झाली. मासळीबाजारामागच्या खानावळीत. पोराला बाहेर ओढून काढला, पण जीव कुठला! त्याच्या सदऱ्यावर मारणाऱ्याची ओल्या रंगाची बोटं उमटलेली. त्याच रात्री खानावळ जळून राख झाली. दारात माणसं उभी, तरी मारणारा निसटला. कुठून निसटला, देव जाणे."

"मग मास्तरांनी ती खोली पाहिली कधी?"

"मला काय विचारतोस? छाती असेल तर त्यांनाच विचार की!" मावशी हसली. "तू बाबा परका माणूस, उट्रेख्तात पहिल्यांदाच आलेला. पण मासळीबाजार बरा न विचारता सापडला तुला पहिल्याच दिवशी!"

"वासावरून, मावशी," वाउटर म्हणाला. त्याने पाव बाजूला सारला.

ते बुटकं छत, ती भेगाळलेली टेबलफळी. ज्याने खोली पाहिली नाही, त्याला हे काढता येणारच नाही! मास्तर तिथे होते. नक्की होते. पळून जावं असं रोज वाटायचं. पण पळाला असता तर मास्तर काय ते समजून चुकले असते.

सगळ्यांत वाईट तो डावा कोपरा. सुकला की काळा रंग बसतो, आत काय रंगवलंय ते दिसेनासं होतं. तेलाचा बोळा फिरवला की पुन्हा सगळं उघडं पडतं. पण बोळा लावायची तर बंदी. वाउटर डोळे ताणून बघत राहायचा. चौथ्या दिवशी त्याला तिथे दोन पुसट उभ्या रेघा दिसल्या. मग आडव्या. शिडी! छताच्या झडपेकडे गेलेली.

म्हणजे मास्तरांना शिडीही ठाऊक होती. गाळावी? गाळली तर नक्कल अपुरी, पत्र गेलं. शेवटी त्याने ती रंगवली. सात पायऱ्या, तिसरी मोडकी.

नक्कल महिनाभर सुकली. मग एका सकाळी मास्तर बोळा घेऊन आले आणि त्यांनी तो नकलेच्या काळोखावरून फिरवला. शिडी वर आली. मास्तर जवळ वाकले.

"शिडी," ते म्हणाले.

"हो मास्तर. तुमच्या चित्रात आहे तशीच."

"तिसरी पायरी मोडकी?"

"तशीच."

"ट्राइन!" मास्तरांचा आवाज चिरकला. "बाहेरून कडी घाल आणि कोतवालाला बोलावून आण."

कडी वाजली. मास्तर वळले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"तो कोसळलेला पोरगा लीव्हन, माझा धाकटा भाऊ. ती खोली मी उभ्या जन्मात पाहिली नाही. दारातल्या लोकांनी सांगितलं तेवढ्यावर रंगवली. मारणाऱ्याच्या बोटांना रंग होता, म्हणून सात वर्षं येईल त्या शिकणाऱ्याला हीच नक्कल करायला देतोय."

त्यांनी बोळा आपल्या चित्राच्या डाव्या कोपऱ्यावर फिरवला. काळोख ओला झाला, चमकला. तिथे नुसती भिंत होती.