तिसरा रकाना

पडद्यावरच्या ओळीत तिसरा रकाना फाइलीच्या मालकाचा असतो. तिथं दादारावांचं नाव होतं. सुमनने ती ओळ पुन्हा वाचली.

"सापडली?" खाणीचे मॅनेजर रघुनाथराव तिच्या खुर्चीमागे उभे होते.

"एक सापडली. पण प्रोग्रॅमच्या फायली एका जागी नसतात, साहेब. पांगलेल्या असतात."

"मग सगळ्या काढा. दोनच्या बसनं छिंदवाड्याहून तपासनीस येऊन राहिले. त्यांना नाव द्यायचं आहे."

सौंसरजवळच्या या मँगनीजच्या खाणीत नऊ दिवसांपूर्वी तीन नंबरच्या बोगद्याचं छत कोसळलं. श्रावण आणि सुखदेव हे दोन मजूर त्याखाली गेले. आदल्याच दिवशी छत बोटभर खचलं होतं. छताची मापं घेणाऱ्या दादारावांनी तसं माप कॉम्प्युटरमध्ये भरलंही होतं. पण कोणीतरी आत घातलेल्या एका प्रोग्रॅमनं त्या मापाची मागच्या सात दिवसांबरोबर सरासरी काढली. आकडा लहान झाला आणि धोक्याचा इशारा छापलाच गेला नाही.

कॉम्प्युटर आणि तो चालवणारी सुमन, दोघंही वर्षभरापूर्वी नागपूरहून आले होते. दादाराव तेवीस वर्षांपासून इथलेच. आता ते दाराजवळ स्टुलावर बसले होते.

"बाई, मी तं मापं भरतो अन् उठतो जी. आमच्या घरी टीव्हीचं बटनही पोरगी लावून देते. मी कायचा प्रोग्रॅम टाकतो?"

"मंग काय कॉम्प्युटर खोटं बोलते?" रघुनाथराव म्हणाले. "दोन माणसं गेली, दादाराव. आता जेलात जा. तिथंही टीव्ही असते म्हणतात."

दादाराव हसले नाहीत. त्यांनी गळ्यातला दुपट्टा काढून घडी करून मांडीवर ठेवला.

सुमनने शोधाचा हुकूम टाइप केला. डिस्क बराच वेळ खरखरत राहिली. दुसरी फाइल निघाली. दादाराव. तिसरी निघाली. दादाराव. तिने तिन्ही फायली मालकाच्या नावासह कागदावर उतरवल्या.

खिडकीबाहेर श्रावणची बायको यमुना बसली होती. नऊ दिवस ती रोज येऊन तिथंच बसत होती, कोणाला काही विचारत नव्हती.

"घ्या, झालं," रघुनाथराव म्हणाले. "आता खाली सही करा. एमएस्सी झालेल्या बाईची सही पाहिली की तपासनीस पुढं विचारत नाही."

पेन कागदाला टेकलं आणि थांबलं.

"आता काय पाहून राहिल्या, सुमनबाई?"

"साहेब, फाइलीवर नाव नसतं, मालकाचा नंबर असतो. फ्लॉपीतून फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर आणली तरी नंबर तोच राहतो. मग तिथं तो नंबर ज्याचा, त्याचं नाव दिसतं. इथं एकशेचार नंबर दादारावभाऊंचा आहे."

"बरं, मग?"

"या फायली नागपूरच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून आल्यात. तिथं एकशेचार नंबर माझा होता."