दोन नंबरची खिडकी

आमच्या असुआ गावच्या जन्मनोंदणी कचेरीत बारा वाजता वीज जाणार होती, आणि त्याआधी मला डेटाबेस बंद करायचा होता. कुणी त्यात काम करत असताना वीज गेली, तर आधीच्या नोंदीही बिघडायची भीती असते. सगळे कारकून त्यातून बाहेर पडले. फक्त दोन नंबरच्या खिडकीवरची योकास्ता आतच होती. तिला एका बटणात बाहेर काढता आलं असतं. पण बाळाची नोंद अर्धवट तोडायला माझं मन धजेना, म्हणून वरच्या मजल्यावरून खाली गेले.

खिडकीपाशी बाळाचा बाप विल्किन घाम पुसत उभा होता. त्याच्या दोन बाजूंना दोन आज्या: दोन्या, म्हणजे आमच्याकडे बाई, फेर्मिना आणि दोन्या मिलाग्रोस.

"पहिली नात आहे, माझंच नाव लागणार!"

"फेर्मिना? पोर जन्मभर रडेल! मिलाग्रोस लिही गं तू."

बाराला पाच कमी होते. मी हळूच म्हटलं, "आपल्याकडे जोडतात तशी दोघींची नावं जोडा की. फेर्मिला."

दोघी चक्क एकमेकींच्या गळ्यात पडल्या. योकास्तानं नोंद सेव्ह केली. देवाचे आभार मानत मी वर आले, तर पडद्यावर योकास्ता पुन्हा आत.

मी फोन लावला. "अगं, आता काय राहिलं?"

 

"दोन्या एनेइदा, मुली जुळ्या आहेत."