ठणठणीत गडी
विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात एका बचावपटूचं डोकं गोलपोस्टवर आपटलं. तो उठला आणि स्वतःच्याच गोलकडे चेंडू घेऊन धावला. समालोचन करणारा निवृत्त कर्णधार खुर्चीत पुढे सरकला. “याला ताबडतोब बाहेर काढा,” तो माइकवर म्हणाला. इअरफोनमधून निर्माता खेकसला, “कॅप्टन, विषय बदला! गडी ठणठणीत आहे म्हणा.” कर्णधाराने इअरफोन उपटून टेबलावर ठेवला. “मंडळी, आमच्या वेळच्या अंतिम सामन्यात मीही असाच आपटलो आणि खेळत राहिलो. त्यानंतरचा माझा विजयी गोल तुम्हाला तोंडपाठ आहे. मला तो आठवतच नाही. बायको व्हिडिओ लावते तेव्हा मला परकाच माणूस दिसतो. या पोराला बाहेर काढा. तोवर मी एक अक्षर बोलणार नाही.” त्याने हाताची घडी घातली. घरोघरी नुसता प्रेक्षकांचा गलका ऐकू येत राहिला, बदली खेळाडूचा फलक वर जाईपर्यंत.