दांड्याची सायकल

साहेबरावांचे गुडघे गेले आन् मळ्यावर जायला रोज कुणाच्या तरी पाया पडायची पाळी आली. म्हणून शिरूरच्या दुकानात बॅटरीवाली माउंटन सायकल बघणं चाललं होतं. "पायडल मारायलाच नको, आप्पा," दुकानदार म्हणाला. "बिनदांड्याची घ्या, टांग टाकाया सोपी," बायको बोलली. "बायकांची? लेडीज सायकल वापरतो म्हणून मारुत्याला मीच गावभर 'वहिनी' म्हणत फिरलोय!" साहेबराव उसळले. मग बायकोनं आन् दुकानदारानं उचलून त्यांना दांड्याच्या सायकलवर बसवलं. खटका दाबताच सायकल भुर्रकन निघाली. मार्केट यार्डापुढं ट्रक आडवा आला, तसा त्यांनी दिव्याचा खांब मिठीत घेतला. गुडघा वाकंना, टांग निघंना, खांब सोडवंना. तेवढ्यात लेडीज सायकलवरून मारुतराव आला, अलगद उतरला. "मारुत्या, उतरव रं मला." "कोण मारुत्या?" तो मिशीत हसला. साहेबरावांनी भोवतालची गर्दी बघितली, खांब घट्ट धरला. "वहिनी, हात द्या."