होकार

भिसेगावात घरून काम करणारी ऋतिका एका चिपची माहिती लिहीत होती. त्यातला डीएमए नावाचा भाग प्रोसेसरला न गुंतवता डेटा हलवतो. त्याला कुठलं उपकरण कसं जोडलंय, एवढंच लिहायचं होतं. पण तिकडे जर्मनीत तपासणारा युर्गन ते सारखं परत पाठवायचा. कधी नाव चुकलं म्हणून, कधी स्वल्पविराम राहिला म्हणून. ऋतिका रडकुंडीला आली होती. आज अखेर त्याचा होकार आला आणि ती धावत जाऊन आईच्या गळ्यात पडली.

इंदूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे तू लिवलेला शब्दन्‌शब्द तो वाचतो?"

"हो गं आई, स्वल्पविरामसुद्धा!"

"तुझ्या बापानं माझं बोलनं कधी पुरतं ऐकलं नाय. लगीन झालंय का गं त्याचं?"