काय म्हणाला तो?

"काय म्हणाला तो?" आईने तिसऱ्यांदा विचारलं.

घड्याळजी तिच्या कानाशी वाकला. "म्हणाला, भूक लागलीय."

पडद्यावरचा नायक तसलं काहीही म्हणाला नव्हता. मूल होत नाही यात दोष बायकोचा नाही, आपला आहे, आणि हे बाहेर फुटलं तर आपल्याला तोंड लपवायला जागा उरणार नाही, असं तो घाम पुसत डॉक्टरांना सांगत होता. त्यावर सगळं थिएटर खो खो हसलं. घड्याळजीच्या डावीकडे त्याची बायकोही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

तिकिटं तिनेच काढली होती. हलकंफुलकं प्रेमाचं काहीतरी आहे, एवढंच तिला ठाऊक होतं, म्हणून आईंनाही नेऊ म्हणाली. आईला ऐकू कमी येई. कानातलं यंत्र तिने एकदाच लावून पाहिलं आणि जगात एवढी कटकट असते होय, म्हणत डबीत ठेवून दिलं. त्यामुळे सिनेमाला गेलं की तिच्या कानात संवाद सांगायचं काम मुलाचं. आधी ते त्याच्या वडिलांचं होतं. ते गेल्यावर घड्याळांचं दुकान आणि हे काम, दोन्ही त्याच्याकडे आलं. हातसुद्धा बापाचाच घेतलाय, असं जुनी गिऱ्हाइकं म्हणत. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरली तरी त्याचं बोट हलत नसे.

आज मात्र तो त्याच हातांनी तिकिटाचे बारीक तुकडे करत बसला होता.

पडद्यावर त्याचीच गोष्ट चालली होती. डॉक्टरांनी त्याला एकट्याला बोलावून खरं काय ते सांगितलं, त्याला वर्ष उलटून गेलं होतं. घरी येऊन तो "सगळं ठीक आहे" म्हणाला होता. तेव्हापासून बायको गोळ्या गिळत होती, सुया टोचून घेत होती आणि नातेवाइकांची बोलणी खाली मान घालून ऐकत होती. आई तेवढी कधी काही बोलली नाही. नातवंडाचा विषय निघाला की ती नेमकी ठार बहिरी होई आणि भलतंच काहीतरी विचारून विषय गुंडाळून टाके. तिला अजून आशा आहे, असं त्याला वाटे, आणि सांगणं आणखीच लांबणीवर पडे.

पाय मोकळे करून येतो म्हणून तो उठला, तर बायकोने बाही धरून खाली बसवलं. आता तर खरी गंमत आहे म्हणाली. मग त्याने आईसाठी वेगळाच सिनेमा रचायला घेतला. त्यात नायकाची गाडी बिघडली, चावी हरवली, पोट दुखलं. आई प्रत्येक वेळी शहाण्यासारखी मान डोलवत होती.

आणि मग थिएटर एकदम शांत झालं. नायक बायकोसमोर उभा राहून सगळं कबूल करत होता. घड्याळजीच्या बायकोने डोळे पुसले, पण आता ती हसत नव्हती.

"बरं झालं सांगितलं," ती पुटपुटली. "नाहीतर ती बिचारी जन्मभर स्वतःलाच दोष देत बसली असती."

"काय म्हणाला तो?" आईने विचारलं.

गाडी सुटली, असं सांगायचं त्याने ठरवलंही होतं. पण ते तोंडातून बाहेरच पडेना.

"म्हणाला, दोष माझ्यात आहे. वर्षभर माहीत होतं, पण सांगायची हिंमत झाली नाही. ती विनाकारण सुया टोचून घेत राहिली."

आईच्या कानात शिरायचं तर मोठ्यानेच बोलावं लागे. आणि सिनेमात सुयांचं नावही नव्हतं.

मध्यंतराचे दिवे लागले. बायको त्याच्याकडे बघत होती. त्याला तिच्या नजरेला नजर देता येईना.

"वर्षभर?" तिने विचारलं.

त्याने मान हलवली. तिने त्याच्या बाहीवरचा हात काढून घेतला आणि पदराशी चाळा करत राहिली. तिला राग आला होता आणि रडूही येत होतं. घरी चल, मग बघते तुझ्याकडे, एवढंच ती म्हणाली. पण उठून गेली नाही.

तेवढ्यात आईने त्याची बाही ओढली. आज पहिल्यांदाच ती त्याच्या कानाशी वाकली. तिच्या मते ती हळू बोलत होती. मागच्या दोन रांगांनी ऐकलं.

"तुझ्या बाबांचंही हेच होतं. पण त्यांनी मला असं ताटकळत नाही ठेवलं. कळलं त्याच संध्याकाळी सांगून टाकलं, तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी."