पढवलेली कबुली

"गुन्हा यानं स्वतः कबूल केला होता. मग आता का नाकारतो?" ओळख न दाखवता न्यायाधीशांनी विचारलं.

समोर उभे असलेले बयाजी थोरवे बघतच राहिले. डिझेलचोरीचा ठपका ठेवून फौजेतून काढलेला हा हवालदार नावावरचा डाग पुसायला आला होता. न्यायाधीशांच्या खुर्चीत उकिडवेसाहेब दिसले तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला होता. कोर्ट मार्शलमध्ये त्यांचे वकील हेच होते, तेव्हाचे मेजर उकिडवे. चोरी कर्नलनं केली, हे बयाजींनी त्यांना सांगितलंही होतं. "कर्नलसाहेबांचं नाव घेऊ नकोस. गुन्हा कबूल कर, नोकरी मी वाचवतो," मेजर म्हणाले होते. बयाजींनी ऐकलं. नोकरी गेलीच. मेजर मात्र चढत चढत न्यायाधीश झाले. तरी इतकी वर्षं बयाजी घरी हेच सांगत, साहेबांनी माझ्यासाठी जिवाचं रान केलं, माझंच नशीब फुटकं.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "ती कबुली तुम्हीच पढवली होती मला."

उकिडव्यांनी समोरची फाईल मिटली. "मी तेव्हा यांचा वकील होतो. हे प्रकरण दुसऱ्या न्यायाधीशांपुढे जाईल."

"जाऊ द्या. पण खरं काय ते सांगायला तिथं याल ना?"

न्यायाधीश उठले, तसं सगळं कोर्ट उठलं. सवयीनं बयाजींचा हात सलामासाठी वर गेला. अर्ध्यावरूनच त्यांनी तो खाली घेतला.